एका सत्रापुरता बायोमेडिकलचा अध्यापक नेमताना

मुंबई महानगर भागातले एक खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालय, त्यातला बायोमेडिकल विभाग, तिसऱ्या वर्षाला ६० विद्यार्थी. बायोमेडिकल इन्स्ट्रुमेंटेशन (वैद्यकीय उपकरणांचा विषय) शिकवणाऱ्या मॅडम जुलैपासून प्रसूती रजेवर जाणार होत्या. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी ही रजा २६ आठवड्यांची झाली आहे. म्हणजे जुलैचे सत्र सबंध रजेत जाते आणि त्यापाठोपाठची परीक्षाही. रजेचा अर्ज मार्चमध्येच आला होता. जाहिरात मात्र जूनच्या तिसऱ्या आठवड्यात निघाली.

हे प्रकरण कोणा एका संस्थेचे नाही. अशा नेमणुकांत वारंवार दिसणारे तपशील एका विभागात बसवून ते मांडले आहे. रकमाही तशाच प्रातिनिधिक आहेत. हिशोबाची पद्धत मात्र कुठल्याही विभागाला जशीच्या तशी वापरता येईल.

पहिली जाहिरात

जाहिरात चार ओळींची होती: अर्धवेळ अध्यापक पाहिजे, तासिका तत्त्वावर, विषय बायोमेडिकल इन्स्ट्रुमेंटेशन, पात्रता एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची नियामक परिषद) नियमांप्रमाणे, मानधन संस्थेच्या नियमांप्रमाणे. आठ दिवसांत दोन अर्ज आले. एक भौतिकशास्त्राच्या एमएस्सीचा, दुसरा पूर्णवेळ नोकरी हवी असलेल्या उमेदवाराचा. दोन्ही कामाचे नव्हते.

आपल्या विषयात माणसे नाहीत, असा निष्कर्ष विभागाने लगेच काढला. तो घाईचा होता. या विषयात शिकवू शकणारा माणूस बहुधा आधीच कुठेतरी नोकरीत असतो: रुग्णालयाच्या बायोमेडिकल विभागात, उपकरण कंपनीच्या सर्व्हिसमध्ये किंवा पीएचडी करत. अर्ज करण्याआधी त्याला तीन गोष्टी कळायला हव्यात. कोणत्या वारी, किती वाजता, किती पैसे. जाहिरातीत यातले काहीच नव्हते. ‘संस्थेच्या नियमांप्रमाणे’ असे वाचून नोकरीतला माणूस फोनसुद्धा करत नाही.

लोडचा खरा हिशोब

विभागाच्या कागदावर लोड, म्हणजे शिकवण्याचा भार, होता आठवड्याला ९ तास: तीन लेक्चर आणि २० विद्यार्थ्यांच्या तीन बॅचेसचे प्रत्येकी दोन तासांचे प्रॅक्टिकल. जुना दर लेक्चरला ८०० रुपये आणि प्रॅक्टिकलच्या तासाला ४००. आठवड्याचे ४,८०० आणि १४ आठवड्यांचे ६७,२०० रुपये. ऐकायला ठीक वाटते.

पण माणूस वर्गात असतो ते तास फक्त १२६. बाकीचे मोजायला विभागप्रमुखांनी रजेवर जाणाऱ्या मॅडमनाच बसवले, आणि या प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय तोच होता. पहिल्यांदा शिकवणाऱ्याला एका लेक्चरच्या तयारीला सहज दोन तास लागतात. ४२ लेक्चरचे झाले ८४. लॅबची मांडामांड आठवड्याला एक तास, म्हणजे १४. दहा प्रयोग आणि ६० विद्यार्थी म्हणजे ६०० रायटअप (प्रयोगाची लेखी टिपणे). एकेक नीट तपासायला तीन मिनिटे धरली तरी ३० तास. दोन चाचण्यांचे १२० पेपर, प्रत्येकी आठ मिनिटांनी १६ तास. पेपर काढायला सहा. एनबीएसाठीच्या (अभ्यासक्रमांना मानांकन देणारे मंडळ) सीओ-पीओ तक्त्यांना, म्हणजे विषयाची आणि अभ्यासक्रमाची फलिते जुळवणाऱ्या तक्त्यांना, सहा. लेक्चरनंतर शंका घेऊन थांबणाऱ्या मुलांसाठी आठवड्याला एक तास, म्हणजे आणखी १४.

हे वरचे तास होतात १७०. एकूण २९६. ६७,२०० भागिले २९६ केले की तासाला २२७ रुपये हातात येतात. या दराने आलेला माणूस लेक्चर घेईल आणि निघून जाईल, हे उघड आहे. जर्नल तपासायची राहतील, लॅबमध्ये बिघडलेली किट तशीच पडून राहतील, आणि सत्राच्या शेवटी टर्मवर्कचे (सत्रभराच्या कामाचे) गुण अंदाजाने भरले जातील. दोष माणसाचा नसतो. ज्या कामाचे पैसे दिले तेवढे काम त्याने केलेले असते.

विभागाने मग दोन्ही बाजूंनी दुरुस्ती केली. मांडामांडीचे १४ तास लॅब असिस्टंटच्या कामात लेखी टाकले. सीओ-पीओचे सहा तास विभागातल्या पूर्णवेळ समन्वयकाकडे गेले. मॅडमनी आपल्या स्लाइड, पाठ नियोजन, जुने पेपर आणि सोडवलेली गणिते रजेआधी सुपूर्द केली. त्यामुळे तयारी ८४ वरून ५० तासांवर आली. उरले २४२. दर केला लेक्चरला १,००० आणि प्रॅक्टिकलच्या तासाला ६००. म्हणजे आठवड्याला ६,६००, सत्राचे ९२,४००. शिवाय जर्नल, चाचण्या आणि गुणपत्रकांसाठी १२,००० एकरकमी. एकूण १,०४,४००, तासाला सुमारे ४३१ रुपये. कंपनीत काम करणाऱ्यासाठी ही रक्कम मोठी नाही, पण ती खरी होती आणि जाहिरातीत छापता आली.

व्यवस्थापनाने वाढीव ३७,२०० रुपयांवर हरकत घेतली. विभागप्रमुखांनी उत्तरादाखल तासांचा तक्ता पुढे ठेवला. तक्ता असला की चर्चा दरावर न अडकता कोणते काम काढून टाकायचे यावर येते, आणि काढून टाकण्याजोगे काम त्यात उरलेलेच नव्हते.

वेळापत्रक आधी, माणूस नंतर

अर्धवेळ माणसाला आठवड्यात चार फेऱ्या मारायला लावणे हा दुसरा नेहमीचा घोळ. मुंबईत एकेका फेरीत दोन-तीन तास प्रवासातच जातात आणि त्याचे पैसे कोणी देत नाही. विभागाने सगळा लोड दोन दिवसांत बसवला. बुधवारी २ ते ४ एक बॅच आणि ४.१५ ते ५.१५ लेक्चर. शनिवारी ९ ते ११ आणि ११.१५ ते १.१५ दोन बॅचेस, १.४५ ते ३.४५ दोन लेक्चर. जेवणानंतर सलग दोन लेक्चर मुलांना जड जातात, त्यामुळे दुसरा तास गणिते सोडवण्यासाठी ठेवला. हे करताना दुसऱ्या दोन विषयांचे तास हलवावे लागले. ते सत्र सुरू होण्याआधी जमते, नंतर नाही.

दुसऱ्या जाहिरातीत वार, वेळा, दर, एकरकमी रक्कम, सत्राच्या तारखा, प्रयोगांची यादी आणि ‘मुलाखतीत लॅबमध्ये काम करून दाखवावे लागेल’ हे वाक्य होते. ती दैनिकाबरोबरच विभागाच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटात आणि आसपासच्या मोठ्या रुग्णालयांच्या बायोमेडिकल प्रमुखांकडे गेली. दहा दिवसांत अकरा अर्ज आले. मुलाखतीला चौघांना बोलावले.

चार उमेदवार

पहिला रुग्णालयातला बायोमेडिकल इंजिनिअर. बीई, नऊ वर्षांचा अनुभव. व्हेंटिलेटर, डिफिब्रिलेटर, इन्फ्युजन पंप रोज हाताळणारा. एमई नाही. एआयसीटीईच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे अभियांत्रिकीच्या सहायक प्राध्यापकाला संबंधित शाखेत बीई आणि एमई दोन्ही लागतात, आणि दोहोंपैकी एकात प्रथम वर्ग. त्याला ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ (व्यावसायिक अनुभवावर नेमलेला प्राध्यापक) म्हणून घेऊ, असे समितीत कोणीतरी सुचवले. पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत त्यासाठी किमान १५ वर्षांचा व्यावसायिक अनुभव मागितला आहे. नऊ वर्षांत ते बसत नाही. अशा माणसाला नियम वाकवून वर्गात उभे केले, तर त्याने दिलेले गुण उद्या वादात सापडू शकतात.

दुसरी उमेदवार एमटेक होऊन पीएचडी करणारी. विषय सिग्नल प्रोसेसिंग. तिसरे उमेदवार इलेक्ट्रॉनिक्सचे एमई, बारा वर्षे शिकवलेले, त्या वेळी आणखी दोन महाविद्यालयांत तासिकांवर. चौथा बायोमेडिकलचा एमई, एका उपकरण कंपनीत सहा वर्षे सर्व्हिस इंजिनिअर. कंपनीत शनिवारी सुट्टी, बुधवारी अर्धा दिवस मिळण्याजोगा.

समितीत प्राचार्य, विभागप्रमुख आणि बाहेरचे एक विषयतज्ज्ञ होते. तासिका तत्त्वावरच्या नेमणुकीला अशी स्थानिक समिती साधारणपणे चालते. तरी आपल्या विद्यापीठाचे परिपत्रक जाहिरातीआधी वाचून घ्यावे, कारण मान्यतेचा कागद मागाहून मिळवणे फार कष्टाचे असते.

लॅबमधला अर्धा तास

प्रत्येकाला १५ मिनिटांचे लेक्चर घ्यायला सांगितले आणि मग ३० मिनिटे लॅबमध्ये. लेक्चरमध्ये चौघांत फारसे डावे-उजवे नव्हते. निवड ठरली लॅबमध्ये.

टेबलावर ईसीजी अॅम्प्लिफायरचा ब्रेडबोर्ड होता. पुढच्या टप्प्यावर एडी ६२० हा अॅम्प्लिफायर आयसी, दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्या, कृत्रिम ईसीजी देणारा सिम्युलेटर, ऑसिलोस्कोप (स्कोप, व्होल्टेजचा आलेख दाखवणारे यंत्र), मल्टिमीटर. सिम्युलेटर थेट जोडला की स्कोपवर सुरेख क्यूआरएस, म्हणजे ठोक्याचा टोकदार भाग, दिसत होता. मग सिम्युलेटरच्या एका वायरीत १.५ व्होल्टचा सेल आणि ४ किलोओहम–१ किलोओहमचा विभाजक घालून ३०० मिलिव्होल्टचे डीसी मिसळले. ईसीजी गायब, स्कोपवर सरळ रेघ. काम एवढेच: का ते शोधा, दुरुस्त करा, आणि करता करता समजावून सांगा.

३०० मिलिव्होल्ट हा आकडा मनचा नाही. त्वचा आणि इलेक्ट्रोड यांच्या संपर्कात अर्धघटाचे विभव तयार होते, आणि दोन इलेक्ट्रोडमधला असा फरक ३०० मिलिव्होल्टपर्यंत सहन करता आला पाहिजे, हे धरूनच ईसीजीचा पुढचा टप्पा आखतात. खुद्द ईसीजी असतो जेमतेम १ मिलिव्होल्ट. बोर्डावर गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) ठरवणारा रेझिस्टर मुद्दाम ४९९ ओहमचा लावला होता. एडी ६२० चा गेन म्हणजे ४९.४ किलोओहम भागिले तो रेझिस्टर, अधिक एक. ४९९ ला तो १०० येतो. ३०० मिलिव्होल्ट गुणिले १०० म्हणजे ३० व्होल्ट. बॅटऱ्या उणे-अधिक ९ च्या. अॅम्प्लिफायर एका टोकाला चिकटून बसतो. रेझिस्टर ५.४९ किलोओहमचा केला की गेन १० होतो, आउटपुटवर ३ व्होल्ट डीसी राहते आणि त्यावर ईसीजी डोलत असतो. ते डीसी पुढच्या टप्प्यात १ मायक्रोफॅरड आणि ३.३ मेगाओहमच्या हाय-पास फिल्टरने (स्थिर भाग अडवणारा) काढायचे, जो साधारण ०.०५ हर्ट्झवर कापतो, आणि उरलेला गेन त्यानंतर घ्यायचा.

यात एक बारीक खोच आहे. स्कोप एसी कपलिंगवर, म्हणजे स्थिर व्होल्टेज गाळून टाकणाऱ्या सेटिंगवर, ठेवला होता. एसीवर चिकटलेला अॅम्प्लिफायर आणि तुटलेली वायर दोन्ही सारखेच दिसतात: मधोमध सरळ रेघ. पीएचडी करणाऱ्या उमेदवाराने फळ्यावर सीएमआरआरचे (दोन्ही वायरींवर सारखाच येणारा गोंगाट दाबण्याची क्षमता) उत्तम विवेचन केले, वायरी दोनदा तपासल्या, पण स्कोपचे कपलिंग बदलले नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या सरांनी आयसी बदलून पाहिला. सर्व्हिस इंजिनिअरने पहिल्याच मिनिटात विचारले, “सर, स्कोप डीसीवर घेऊ का?” रेघ उडून साडेसात व्होल्टच्या आसपास गेली आणि पुढचे त्याने रेझिस्टरचे रंगपट्टे वाचत सांगितले. रुग्णालयातल्या इंजिनिअरनेही दोष शोधला, कारण सांगताना मात्र तो अडखळला.

दुसरा प्रश्न सुरक्षेचा. विद्यार्थ्याने मित्राच्या हाताला इलेक्ट्रोड लावलेत, सर्किट ब्रेडबोर्डवर, स्कोप मेन्सवर, लॅपटॉपला चार्जर. तुम्ही काय कराल? ‘चार्जर काढायला सांगेन’ हे अर्धे उत्तर आहे, कारण स्कोपचा ग्राउंड अर्थिंगला जोडलेलाच राहतो. आधी माणूस सर्किटपासून सोडवायचा, मग बोलायचे. आयईसी ६०६०१-१ या वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या सुरक्षा मानकात थेट हृदयाशी जोडल्या जाणाऱ्या सीएफ भागासाठी रुग्णातून जाणाऱ्या गळती प्रवाहाची मर्यादा नेहमीच्या स्थितीत १० मायक्रोअँपिअर आणि एक दोष आल्यास ५० आहे. शरीराला लागणाऱ्या पण थेट हृदयाशी न जोडल्या जाणाऱ्या बीएफ भागासाठी १०० आणि ५००. ब्रेडबोर्डाला यातले कसलेच संरक्षण नसते. म्हणून विभागाने नियम केला: विद्यार्थ्यांच्या हातचे सर्किट फक्त सिम्युलेटरवर. अंगावर इलेक्ट्रोड लावायचे तर विलगीकरण असलेले, तपासलेले तयार किटच, आणि अध्यापक समोर हवा. बॅटरीवर चालणाऱ्या प्रात्यक्षिकातही उजव्या पायाच्या वायरीत १ मेगाओहमचा रेझिस्टर. ९ व्होल्टला त्यातून फार तर ९ मायक्रोअँपिअर जातील. अर्धवेळ माणसाच्या तासाला अपघात झाला तरी जबाबदारी महाविद्यालयाचीच असते. त्यामुळे हा नियम नेमणूक पत्राला जोडला, तोंडी ठेवला नाही.

सर्व्हिस इंजिनिअरला नेमले. पीएचडी करणाऱ्या उमेदवाराचे नाव, ते येऊ शकले नाहीत तर लॅब घेणारी बदली अध्यापिका म्हणून, यादीत घेतले, त्याच दराने, आणि पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्या किटवर हात फिरवून जायला सांगितले. रुग्णालयातल्या इंजिनिअरला दोन अतिथी व्याख्याने दिली: व्हेंटिलेटरची देखभाल आणि डिफिब्रिलेटरच्या ऊर्जेची चाचणी. नियमांत राहूनही त्याचा अनुभव मुलांपर्यंत पोचला.

पत्रात काय लिहिले आणि काय राहिले

कंपनीचे ना हरकत पत्र रुजू होण्याआधी घेतले. त्यात वार, वेळा आणि सत्राच्या तारखा नमूद होत्या. ‘आमची हरकत नाही’ एवढ्या एका ओळीवर भागवले तर वरिष्ठ बदलल्यावर अडचण येते. हितसंबंधांचे कलमही घातले: नेमणुकीच्या काळात लॅबच्या खरेदीत त्यांचा सहभाग नाही, आणि कंपनीची उपकरणे लॅबमध्ये आणायची तर आधी विभागप्रमुखांची लेखी परवानगी. हे कलम लगेच उपयोगी पडले. मुलांना दाखवायला डेमोचे पोर्टेबल सोनोग्राफी यंत्र आणू का, असे त्यांनी उत्साहाने विचारले होते. पीसीपीएनडीटी (गर्भलिंग निदान रोखणाऱ्या) कायद्याखाली नोंदणी नसलेल्या ठिकाणी सोनोग्राफी यंत्र विकता वा वापरायला देता येत नाही, आणि महाराष्ट्रात या बाबतीत कारवाई कडक होते. हेतू चांगला असला तरी ते यंत्र महाविद्यालयाच्या फाटकातून आत येता कामा नये. अल्ट्रासाऊंडचा प्रयोग साध्या ट्रान्सड्यूसरवर आणि पाण्याच्या टाकीत घेतला.

पत्रात एक शब्द राहिला आणि पहिले बिल अडले. ‘प्रात्यक्षिक: ६०० रुपये’ असे छापले होते, ‘प्रति तास’ नव्हते. पहिल्या चार आठवड्यांत १२ लेक्चर आणि १२ प्रॅक्टिकल झाले. अध्यापकांनी बिल दिले २६,४०० चे: १२,००० अधिक २४ तासांचे १४,४००. लेखा विभागाने दोन तासांचे प्रॅक्टिकल एकच धरून १९,२०० मंजूर केले. हजेरीपटावरही प्रत्येक बॅचसमोर ‘१’ लिहिलेला होता. शेवटी प्राचार्यांच्या सहीचे शुद्धिपत्रक निघाले, ‘एक तास म्हणजे घड्याळी ६० मिनिटे’, आणि फरक पुढच्या बिलात मिळाला. सात हजारांसाठी चांगला माणूस पहिल्या महिन्यातच दुरावतो, तो असा.

करकपातीचेही आधी सांगितलेले बरे. रक्कम व्यावसायिक शुल्क म्हणून दिली तर एप्रिल २०२५ पासून वर्षाला ५०,००० च्या वर १० टक्के कापले जातात. सत्राची एकूण रक्कम मर्यादेबाहेर जाणार हे ठाऊक असल्याने कपात पहिल्या बिलापासून केली. पॅन दिला नसता तर ती २० टक्के झाली असती. एकरकमी १२,००० पैकी सहा हजार पहिल्या चाचणीचे गुण भरल्यावर, उरलेले टर्मवर्कचे पत्रक सहीनिशी आल्यावर.

सत्रात

पाचव्या शनिवारी एका रुग्णालयातली कॅथलॅब (हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासण्याची यंत्रणा) बंद पडली आणि सर्व्हिस इंजिनिअरला सकाळी सातला निघावे लागले. हे होणार हे गृहीतच होते. बदलीच्या अध्यापिकेने दोन्ही बॅचेस घेतल्या. लेक्चर दोन बुधवारी अर्धा-अर्धा तास आधी-नंतर वाढवून भरून काढले. गणपतीच्या सुट्टीत आणखी एक शनिवार गेला. १४ आठवड्यांत दहाच प्रयोग ठेवले होते, त्यामुळे लॅबला चार आठवडे मोकळे होते. आधीची बारा प्रयोगांची यादी तशीच ठेवली असती तर सबमिशनच्या आठवड्यात मुलांनी आकडे उतरवून काढले असते.

जर्नलची युक्ती चांगली चालली. प्रॅक्टिकलच्या शेवटच्या २० मिनिटांत मागच्या आठवड्याचे रायटअप टेबलावर, एक प्रश्न, आणि तिथेच सही व गुण. नोव्हेंबरमध्ये ६०० रायटअपचा ढीग झाला नाही. पहिल्या चाचणीचे पेपर मात्र दहा दिवसांऐवजी तीन आठवड्यांनी आले. नोकरीतल्या माणसाला ६० पेपर एकगठ्ठा देण्यापेक्षा प्रश्नपत्रिकेत लहान उत्तरांचे प्रश्न वाढवणे बरे. दुसऱ्या चाचणीत तसे केले आणि पेपर वेळेत मिळाले.

ओरलचा (तोंडी परीक्षेचा) प्रश्न विद्यापीठाच्या अंगाने आला. अंतर्गत परीक्षक म्हणून मान्यताप्राप्त पूर्णवेळ अध्यापकच लागत होता. विभागप्रमुखांनी ते नाव स्वतःचे दिले आणि बाराव्या आठवड्यापासून तिन्ही बॅचेसना येऊन बसले, म्हणजे परीक्षेत मुलांना अनोळखी प्रश्न आले नाहीत.

मॅडम रुजू झाल्या तेव्हा त्यांच्या हाती चार गोष्टी दिल्या: सह्या केलेली गुणपत्रके, बदललेल्या प्रयोगांचे नवे मॅन्युअल, कोणते लेक्चर किती झाले त्याची नोंद, आणि लॅबमधल्या आठ ईसीजी किटची दोषांची यादी. त्यातल्या दोन किटमध्ये पहिल्या टप्प्याचा गेन १०० च होता. कुठल्यातरी जुन्या दुरुस्तीत चुकीचा रेझिस्टर लागला होता आणि सिम्युलेटरवर नेहमीच चालत असल्याने तो कोणाच्या लक्षात आला नव्हता.